दक्षिण फ्रान्सच्या खेड्यात एक रात्र: हॉटेल निवडताना काय काय बघायचं

प्रोव्हान्सला जाऊन आल्यापासून दर मार्च-एप्रिलमध्ये कोणाचा तरी मेसेज येतोच, अगं पॅरिस आणि नीस ठरलंय, मधे एक रात्र त्या लव्हेंडरवाल्या गावांत काढायचीय, एखादं छानसं जुनं दगडी हॉटेल सांग ना. आता नाव सांगून काय उपयोग, तुमच्याकडे गाडी आहे का, बरोबर सासू-सासरे आहेत का, नॉनव्हेज चालतं का, जाताय कुठल्या वारी, यावर सगळंच बदलतं. म्हणून कसं शोधायचं तेच एकदा सविस्तर लिहून टाकते.

आधी आमची फजिती. पहिल्या वेळी लुबेराँच्या डोंगरातल्या एका छोट्या गावात बुकिंग केलं होतं. फोटो असे की बघत राहावं, निळ्या खिडक्या, वर चढलेली वेल, दारात लव्हेंडरची कुंडी. आविन्याँच्या टीजीव्ही (म्हणजे फ्रान्सची अतिवेगवान ट्रेन) स्टेशनवर भाड्याची गाडी ताब्यात घेता घेता उशीर झाला, वाटेत एका ठिकाणी सूर्यास्त बघत थांबलो (जूनअखेर तिथे सूर्य साडेनऊच्या आसपास मावळतो, त्यामुळे वेळेचा अंदाज पार चुकतो), आणि पोचलो पावणेदहाला. दार बंद. बेल वाजवली तर आवाज आतल्या आत विरला. सासूबाई गाडीतूनच म्हणाल्या, "अगं, इथे कुत्रंसुद्धा भुंकत नाहीये, नक्की हेच गाव ना?" शेवटी वरची खिडकी उघडली, एक आजी गाऊनवर शाल घेऊन खाली आल्या, काही बोलल्या नाहीत, फक्त मनगटावर बोट आपटून घड्याळ दाखवलं आणि किल्ली दिली. स्वयंपाकघर बंद, गावातलं एकमेव रेस्टॉरंट बंद. पायरीवर बसून ठाण्याहून आणलेले थेपले आणि लिंबाचं लोणचं खाल्लं. चूक आमचीच होती, बुकिंगच्या मेलमध्ये फ्रेंचमध्ये स्वच्छ लिहिलं होतं की स्वागत संध्याकाळी ७ पर्यंत, आम्ही फक्त किंमत आणि तारीख वाचली.

तेव्हापासून माझा हिशोब एकच. एका रात्रीसाठी राहायचं म्हणजे संध्याकाळी ५ ते सकाळी १०, बास. त्या वेळात तुम्ही पोचणार, जेवणार, झोपणार, नाश्ता करून निघणार. हॉटेलचं जे काही बघायचं ते या सतरा तासांपुरतं बघायचं. दुपारी बारा वाजता पूल किती सुंदर दिसतो याचा तुम्हाला काही उपयोग नाही, त्या वेळी तुम्ही भलतीकडेच असणार.

स्टेप १: भाग ठरवा, आणि एकच ठरवा

दक्षिण फ्रान्सचं खेडं म्हणजे काही एक जागा नाही. आविन्याँच्या पूर्वेला लुबेराँ, म्हणजे गोर्द, रुसियाँ, बोनिय, मेनेर्ब, लूर्माराँ ही डोंगरावरची गावं. दक्षिणेला आल्पीच्या टेकड्या आणि साँ-रेमी, जिथल्या मनोरुग्णालयात व्हॅन गॉग १८८९ ते १८९० असा वर्षभर राहिला. ऱ्होन नदीच्या पश्चिमेला युझेस आणि पाँ द्यु गार हा रोमन जलसेतू. खाली समुद्राकडे कामार्गची दलदल, पांढरे घोडे आणि फ्लेमिंगो. नकाशावर सगळं बोटभर अंतरावर दिसतं पण गाडीने तसं नसतं, गोर्द ते लूर्माराँ जेमतेम ३० किलोमीटर, तरी वळणावळणाच्या रस्त्याने पाऊण तास कुठेच जात नाही.

लव्हेंडरसाठीच जाणार असाल तर तारखा नीट बघा. वालाँसोलच्या पठारावर आणि लुबेराँमध्ये जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत बहर, मग कापणी होते. सो नावाचं गाव उंचावर असल्यामुळे तिथे जुलैअखेरपर्यंत मिळू शकतं. ऑगस्टच्या शेवटी जाऊन "कुठे गेलं लव्हेंडर" म्हणून हॉटेलवाल्याशी भांडणारे पाहिलेत मी. गोर्दजवळच्या सेनांक मठासमोरचा तो जगप्रसिद्ध फोटो (मठ ११४८ मध्ये स्थापन झालाय) तोही याच दिवसांतला असतो.

गाडी नसेल तर डोंगरावरच्या गावाचा हट्ट सोडा, खरंच सोडा. बस असतात पण मोजक्या, आणि रविवारी तर विचारूच नका. त्यापेक्षा लील-स्युर-ला-सॉर्ग घ्या, गावातून नदीचे कालवे वाहतात, जुन्या पाणचक्क्या अजून फिरतात, आणि मुख्य म्हणजे आविन्याँहून लोकल ट्रेन तिथे थांबते. साँ-रेमी आणि युझेसलाही आविन्याँहून बस आहे. एक लक्षात ठेवा, आविन्याँला स्टेशनं दोन, टीजीव्ही गावाबाहेर आणि साँत्र गावात, दोघांमध्ये पाच मिनिटांची शटल ट्रेन धावते. पॅरिसहून टीजीव्हीने साधारण पावणेतीन तास लागतात.

स्टेप २: वार बघा

हे कोणीच बघत नाही. खेड्यातली बरीचशी रेस्टॉरंटं रविवारी रात्री आणि सोमवारी बंद असतात, काही मंगळवारीही. शहरात फरक पडत नाही, पण ज्या गावात खाण्याची दोनच ठिकाणं आहेत तिथे सोमवारी पोचलात तर आमच्यासारखे थेपले. शक्य असेल तर खेड्यातली रात्र मंगळवार ते शुक्रवारमध्ये टाका आणि रविवार-सोमवार मोठ्या गावात घालवा. नोव्हेंबर ते ईस्टर बरीच छोटी हॉटेलं चक्क बंदच असतात, मालक स्वतः सुट्टीवर. मे महिन्यात १ तारीख, ८ तारीख आणि असेन्शनचा (ईस्टरनंतरच्या ख्रिस्ती सणाचा) गुरुवार अशा सुट्ट्या जोडून फ्रेंच लोक लाँग वीकेंड करतात, तेव्हा खोल्या लवकर भरतात. जुलैत आविन्याँचा नाट्यमहोत्सव, १९४७ पासून चालू आहे, त्या तीन आठवड्यांत आसपासचेही भाव चढतात. मला विचाराल तर जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर, गर्दी कमी, ऊन सोसवणारं, आणि मालकांना बोलायला फुरसत असते.

स्टेप ३: पाटीवरचे शब्द समजून घ्या

इथे जरा थांबते, कारण निम्मे घोटाळे शब्दांमुळे होतात.

'होतेल द शार्म', म्हणजे मोहक हॉटेल, असं कुठलंही हॉटेल स्वतःला म्हणवून घेऊ शकतं, ती सरकारी श्रेणी नाही. तारे मात्र सरकारी आहेत, १ ते ५, पण ते खोलीचा आकार, रिसेप्शनचे तास, सोयीसुविधा असलं मोजतात. दोनशे वर्षांच्या घरात लिफ्ट कुठून येणार, म्हणून अतिशय देखणं हॉटेलसुद्धा दोन-तीन ताऱ्यांचं असू शकतं आणि हायवेलगतचा चौकोनी डबा चार ताऱ्यांचा. म्हणजे तारे सोयींसाठी बघा, सौंदर्यासाठी नाही.

'शांब्र दोत' म्हणजे मालकाच्याच घरातल्या खोल्या. जास्तीत जास्त ५ खोल्या आणि १५ पाहुणे हे तिथल्या कायद्यातच आहे, ब्रेकफास्ट भाड्यातच धरलेला, आणि स्वागत घरातल्याच माणसाने करायचं. आपल्याकडे दिवेआगर-गुहागरला काकूंच्या घरी उतरतो ना, अगदी तसं. आणि काकूंना आधी सांगून ठेवलं तर रात्री मोदक, तसं इथे 'ताब्ल दोत', म्हणजे आधी सांगितलं तर रात्रीचं जेवण घरच्याच टेबलावर, मेन्यू एकच, जे रांधलं असेल ते, बरोबर बाकीचे पाहुणे आणि बहुतेकदा मालक-मालकीणही. पहिल्यांदा जाणाऱ्याने एक रात्र हेच घ्यावं असं माझं मत. रिसेप्शन नसतं, टीव्ही नसेल, पण दुसऱ्या दिवशी कुठल्या रस्त्याने जायचं हे त्या टेबलावर जेवढं कळतं तेवढं कुठल्याही ॲपवर कळत नाही. दारावर 'जीत द फ्रान्स' या अशा घरांना दर्जा देणाऱ्या संस्थेची पाटी असेल तर त्यावर गव्हाच्या लोंब्या मोजायच्या, त्यांना 'एपी' म्हणतात, लोंब्या जास्त तितक्या सोयी जास्त.

'जीत' वेगळं. ते स्वयंपाकघरासकट अख्खं घर भाड्याने, उन्हाळ्यात बहुतेक शनिवार ते शनिवार, चादरी आणि साफसफाईचे पैसे कधी कधी वेगळे. एका रात्रीला ते मिळणं अवघड, आठ जणांचं कुटुंब आठवडाभर जाणार असेल तर मात्र सोन्याहून पिवळं.

'ओबेर्ज' म्हणजे मुळात खानावळ आणि वर खोल्या. एका रात्रीसाठी एकदम सोयीचं, जेवून जिना चढा की झोप. 'लोजी' नावाची छोट्या स्वतंत्र हॉटेलांची साखळी आहे, त्यांच्या पाटीवर धुराड्यांची चित्रं असतात, एक ते तीन, ती बघा. 'मास' म्हणजे प्रोव्हान्सचं शेतघर, जाड दगडी भिंती, तोंड दक्षिणेला आणि उत्तरेची भिंत जवळपास आंधळी, कारण उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा कोरडा बोचरा वारा येतो, सुरू झाला की दिवसचे दिवस थांबत नाही. 'बास्तीद' म्हणजे जरा ऐसपैस, जमीनदाराच्या थाटाचं घर. 'दोमेन' आणि 'शातो' बहुतेकदा द्राक्षमळे, आणि तिथे शनिवारी लग्नं असतात. तुमची खोली छान, बाग छान, आणि पहाटे तीनपर्यंत डीजे. वेबसाइटवर 'मारियाज' असा शब्द दिसला की शनिवार टाळा.

स्टेप ४: फोटो बंद करा, नकाशा उघडा

दुरून डोंगर साजरे ही म्हण हॉटेलच्या फोटोंसाठीच केली असावी. सॅटेलाइट व्ह्यू लावून हॉटेलच्या आजूबाजूला काय आहे ते बघा. लुबेराँमधून डी-९०० नावाचा मोठा रस्ता जातो, त्याच्या कडेला असेल तर ट्रकची सोबत. ऱ्होनच्या खोऱ्यात ए-७ मोटरवे आणि टीजीव्हीची लाइन, दोन्हीपासून लांब राहा. गावाच्या अगदी मध्यात, चर्चला लागून असेल तर घंटा, काही गावांत रात्रीसुद्धा दर तासाला टोले पडतात आणि काही ठिकाणी तर दोनदा, म्हणजे बारा वाजता चोवीस मोजायचे. माझ्या नवऱ्याला ते फार रोमँटिक वाटलं, मला नाही. दिवसा सिकाडा किडे कान किटवतात पण अंधार पडला की ते बहुतेक गप्प बसतात, त्याची काळजी नको. सप्टेंबरपासून शिकारीचा सीझन, सकाळी बंदुकीचे आवाज आले तर घाबरू नका.

आता दोन अंतरं मोजा, पार्किंगपासून खोलीपर्यंत आणि खोलीपासून जेवणापर्यंत. डोंगरावरच्या गावांत आतल्या गल्ल्या दगडगोट्यांच्या असतात, चाकांची बॅग ओढत नेणं म्हणजे शिक्षाच, आणि गाडी बऱ्याचदा गावाच्या पायथ्याशी ठेवावी लागते. हॉटेलचं स्वतःचं, फाटक असलेलं पार्किंग असेल तर थोडे पैसे जास्त द्या. सामान दिसेल असं गाडीत ठेवू नका हेही आलंच.

स्टेप ५: रात्री जेवणार कुठे

दक्षिण फ्रान्समध्ये रात्रीचं जेवण साडेसातच्या सुमारास सुरू होतं आणि खेड्यात नऊनंतर नवीन ऑर्डर घेतीलच असं नाही. आपल्या सवयीने "जरा फिरून येऊ, मग जेवू" केलं की संपलं. म्हणून हॉटेल निवडतानाच तिथे रेस्टॉरंट आहे का, तुमच्या वारी चालू आहे का, आणि 'दमी-पान्सियाँ' मिळेल का ते विचारा, म्हणजे खोली, नाश्ता आणि रात्रीचं जेवण एकत्र.

शाकाहारी मंडळींनी नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून थांबू नका. "ना मांस, ना मासे" असं दोन्ही फोडून सांगा, फ्रेंचमध्ये 'साँ व्हियांद, साँ प्वासाँ', आणि आदल्या दिवशी लिहून कळवा. गंमत अशी की तिथले निरागस दिसणारे पदार्थच दगा देतात. तापनाद, म्हणजे ऑलिव्हची चटणी, त्यात अँचोव्ही मासे वाटलेले असतात. पिसालादियेर हा कांद्याचा पिझ्झासारखा प्रकार, त्यावरही तेच. बकरीच्या गरम चीजचं सॅलड मागवलं तर वर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, 'लार्दों', बिनधास्त पेरलेले. बिनधोक म्हणजे रातातुय (एकत्र शिजवलेल्या भाज्या), भाज्या थरांनी रचून भाजलेलं तियाँ, आणि सूप ओ पिस्तू (बेसिल घातलेलं भाज्यांचं सूप), पण या सूपचा रस्सा कशात शिजवलाय ते विचारून घ्या. पुढे नीसला गेलात तर सोक्का, चण्याच्या पिठाचं चक्क धिरडं, सासऱ्यांनी तीन खाल्ली. बीफ न खाणाऱ्यांनी 'दोब' बघून ठेवा, तो तिथला खास बीफचा रस्सा, आणि कामार्गकडे मेन्यूत 'तोरो' दिसलं तर ते बैलाचं मांस. जैन जेवणाचा मात्र नाद सोडा, कांदा-लसणाशिवाय तिथे चूल पेटत नाही, तुम्ही जीत घ्या आणि स्वतः करा.

चहाबाजांसाठी, खोलीत किटली असेलच असं नाही. 'बुय्वार' आहे का विचारा, नाहीतर छोटी इलेक्ट्रिक किटली आणि टी-बॅग बरोबर ठेवा. खोलीत मॅगी वगैरे करू नका, जुनं घर असतं, वास भिंतीत बसतो.

स्टेप ६: खोली

'ग्राँ ली' म्हणजे डबलबेड, पण जुन्या घरांत तो १४० सेंटीमीटरचा असू शकतो, म्हणजे साडेचार फूट. दोन धष्टपुष्ट माणसं असाल तर १६० मागा. वयस्कर माणसं बरोबर असतील तर तळमजला, 'रे-द-शोसे', आवर्जून मागा, जिने दगडी, अरुंद आणि गोल असतात, हाताला धरायला कधी कधी नुसता दोर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ च्या वर जातो, एसीला 'क्लिमातिझासियाँ' म्हणतात, नसेल तर जाड भिंतींची खालची खोली चालते, छपराखालची मात्र रात्रभर भाजून काढते. कामार्गच्या बाजूला डास, मच्छरदाणी किंवा खिडकीला जाळी आहे का बघा.

स्टेप ७: पैसे आणि व्हिसा

बघितलेली किंमत शेवटची नसते. माणशी-रात्री 'ताक्स द सेजूर' नावाचा स्थानिक कर लागतो, १८ च्या खालच्यांना माफ. शांब्र दोतमध्ये नाश्ता आत, हॉटेलात बहुतेक बाहेर, आणि चौघांचा नाश्ता धरला की स्वस्त वाटणारं हॉटेल महाग पडतं.

शेंगेन व्हिसाच्या फाइलला प्रत्येक रात्रीचं बुकिंग दाखवावं लागतं, तेव्हा व्हिसा हातात येईपर्यंत फ्री कॅन्सलेशनवालंच घ्या. छोटे मालक थेट बुकिंगला ॲडव्हान्स मागतात, तेव्हा शब्द नीट वाचा. 'आर' लिहिलं असेल तर तुम्ही रद्द केल्यावर तेवढेच पैसे बुडतात, आणि मालकाने रद्द केलं तर त्याने दुप्पट परत द्यायचे. 'आकोंत' लिहिलं असेल तर सौदा पक्का, रद्द केलंत तरी पूर्ण रक्कम मागू शकतात. एका शब्दाचा फरक आहे, पण व्हिसा रिजेक्ट झाला तर तोच शब्द हजारो रुपयांचा.

स्टेप ८: एक मेल टाका

दोन-तीन जागा उरल्या की सगळ्यांना मेल करा, ट्रान्सलेट ॲपने फ्रेंच करून. सुरुवात 'बाँजूर' ने, हे विसरू नका, तिथे दुकानात शिरतानाही आधी बाँजूर नसेल तर माणूस उद्धट ठरतो. मग साधंच लिहा, आम्ही इतके जण, अमुक तारखेला, गाडीने किती वाजता पोचू, उशीर झाला तर दाराचा कोड मिळेल का, त्या रात्री जेवण मिळेल का, दोघं शाकाहारी आहेत, आईंचे गुडघे दुखतात म्हणून तळमजला हवा. उत्तर कसं येतं यावरून घर कळतं. दुसऱ्या खेपेला एका बाईंनी आम्हाला उलट विचारलं होतं, अंडं चालतं का, आणि वांगं आवडतं का. तिथेच बुकिंग करून टाकलं. रात्री टेबलावर वांगं, टोमॅटो, तुळशीच्या भावंडासारखा तो बेसिल, आणि सासूबाईंनी पिशवीतून काढलेली गोडा मसाल्याची पुडी. त्या बाईंनी चिमूटभर तळहातावर घेतला, हुंगला, आणि सरळ आतून रिकामी बाटली घेऊन आल्या.

शेवटचं, सकाळचं. पोचल्या पोचल्या विचारा की उद्या गावात बाजार आहे का. गोर्दला मंगळवारी, रुसियाँला गुरुवारी, लूर्माराँ आणि बोनियला शुक्रवारी, आप्तला शनिवारी, लील-स्युर-ला-सॉर्गला रविवारी. बाजार बघायला मजाच येते, पण चौकात रात्री लावलेली गाडी पहाटे टोचन करून नेतात आणि तुम्ही क्रोसाँ खात असता. खांबावरची पाटी वाचता आली नाही तर फोटो काढून मालकिणीला दाखवा, झोपायच्या आधी.